पहिलं प्रकरण, स्टँप पेपरवर

मनकर्णाबाई पठाडे यांनी कादंबरी लिहायला घेतली, यात तसं पाहिलं तर कुणाचं काही वाकडं व्हायचं कारण नव्हतं. पेन्शनीत गेल्यावर माणसं काय काय करतात. कुणी घरावर मजला चढवतं, कुणी सख्ख्या भावावर दावा लावतं, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटत फिरतं आणि धडधाकट माणसं अंथरुणाला खिळवतं. त्या मानानं कादंबरी म्हणजे अगदी गरीब गाय. फार तर शाई सांडेल आणि चादर खराब होईल. पण एखाद्याचं नशीबच असं असतं, की त्यानं देवाला हात जोडले तरी कोपर मधमाश्यांच्या पोळ्याला लागतं.

बाईंची सगळी नोकरी औरंगाबादच्या टेलिफोन एक्स्चेंजात गेली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे टेलिफोन भारत सरकारचे झाले, आणि पुढं काही वर्षांनी कानाला हेडफोन लावून बाई खुर्चीवर बसल्या त्या केस पिकेपर्यंत. जालन्याला, नांदेडला, हैदराबादला ट्रंक कॉल जोडून द्यायचा आणि वेळ संपली की मध्येच तोंड घालून ‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’ असं विचारायचं. मधलं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता आणि बाई तो पाळत. पण लाइनवर कुणी नुसतंच श्वास घेत थांबलं असेल, म्हणजे बोलायचं तर आहे पण जीभ रेटत नाही, तर ते बाईंना बरोबर कळायचं. अशा वेळी त्या हळूच म्हणायच्या, ‘बोला, लाइन चालू आहे.’ एवढ्यावर मराठवाड्यातली बरीच लग्नं जमली असतील, असा त्यांचा अंदाज होता.

मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. लोक स्वतःच्या बोटानं नंबर फिरवू लागले आणि बाई निवृत्त होऊन उस्मानपुऱ्यातल्या आपल्या जुन्याच दोन खोल्यांत येऊन बसल्या. घरात फोन नव्हता. नारायणराव तर केव्हाच गेले होते. मुलगा बद्रीनाथ पुण्याला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता, आणि जितका हुद्दा मोठा तितकी रजा लहान. दिवसाला शेकडो माणसांशी बोललेल्या बाई आता दिवसभरात दूधवाल्याशी ‘अर्धाच’ एवढा एक शब्द बोलायच्या. पुढं दूधवाल्याला ते पाठ झालं आणि त्यानं विचारणंही सोडलं. बैठकीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाई बसत, दुसरीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. बाईंना फार एकटं वाटायचं. ते सांगायला कुणी नव्हतं, हीच त्यातली मुख्य अडचण होती.

वेळ जावा म्हणून त्या क्रांती चौकाजवळच्या वाचनालयातून प्रेमाच्या कादंबऱ्या आणत. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या नायिका एकोणीस वर्षांच्या असतात. पंचविशी उलटली की बाई कुणाची तरी वहिनी होते, चाळिशीत कुणाची तरी आई होते आणि पन्नाशीची बाई पुस्तकात येते ती फक्त खोकायला. बाईंनी हे खोकणं पुष्कळ दिवस सहन केलं. मग एक दिवस त्यांनी स्वतःच पेन उघडलं. नायिका वसुधा, वय अठ्ठावन्न. नायक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान.

नायक लहान का, हा प्रश्न पुढं त्यांना साऱ्या गल्लीनं विचारला, पण त्यामागं साधा व्यवहार होता. बाईंनी आपल्या वयाचा नायक करून पाहिला होता. दोन पानांत त्याला गुडघ्याचं तेल लागलं, तिसऱ्या पानावर मिठाचं पथ्य आलं आणि चौथ्या पानावर वसुधा त्याच्यासाठी पाणी गरम करू लागली. हे सगळं बाईंनी आयुष्यभर केलं होतं, त्यासाठी कादंबरी कशाला लिहायची? त्यापेक्षा आपली बादली आपण उचलणारा माणूस बरा.

कादंबरीचं नाव ‘करमाडचा थांबा’. वसुधा स्वतःच ‘मी’ म्हणून गोष्ट सांगते. जालन्याहून येताना तिची एसटी करमाडला बंद पडते. डोक्यावर चैताचं ऊन. कंडक्टर म्हणतो, दुसरी गाडी येईल. केव्हा, ते म्हणत नाही. तेवढ्यात एक माणूस काही न बोलता तिच्या डोक्यावर छत्री धरतो, रसवंतीतून उसाच्या रसाचा ग्लास आणून देतो आणि दुसरी गाडी येईपर्यंत स्वतः उन्हात उभा राहतो. त्याचं नाव वसुधाला कळत नाही. बाईंनाही ठाऊक नव्हतं. तो नुसता ‘तो’ होता. पहिलं प्रकरण लिहून झालं तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच तोंडावर पाणी मारलं.

पुण्याच्या एका प्रकाशकाला त्यांनी विचारून पाहिलं. उत्तर आलं, की पहिलं प्रकरण पाठवा. मात्र ते टाइप केलेलं हवं, आणि सोबत लेखन स्वतःचं आहे, कुठून उचललेलं नाही, असं प्रतिज्ञापत्र स्टँप पेपरवर हवं. आता स्टँप पेपर म्हटला की गल्लीत एकच अधिकारी माणूस, शेजारचे रामकिसनराव. त्यांचा बांधाचा दावा पोलीस ॲक्शनच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी लावला होता आणि वारसाहक्कानं तो त्यांच्याकडं आला होता. तारखेला जाऊन जाऊन कोर्टातली कुत्रीसुद्धा त्यांना ओळखत.

“एक कागद टाइप करायचाय,” बाई मोघम म्हणाल्या. कादंबरी म्हणायची त्यांना लाज वाटली.

“अदालत रोडला जा, काकू. कोर्टाच्या बाहेर लिंबाखाली चांदपाशा बसतो,” रामकिसनराव म्हणाले. “त्याच्या हातचा कागद आजवर कोर्टानं फेकला नाय. खटला फेकला, वकील फेकला, पण कागद नाय.”

चांदपाशा मेंदीनं दाढी रंगवलेला, भारदस्त माणूस होता. त्यांनी आयुष्यभर खरेदीखतं, फारकती, वाटण्या आणि जबाब टाइप केले होते. त्यांनी बाईंचे कागद डोळ्यांजवळ धरून वाचले आणि कपाळाला आठी घातली.

“बाई, सही करनार तुमी, मनकर्णाबाई. आन् आत लिवलंय ‘मी वसुधा’. एका कागदात दोन नावं? कागद बाद हुतो.”

“अहो, ती कादंबरी आहे.”

“असू द्या की. कागदाला काय कळतंय, कादंबरी हाय का फारकत हाय? आन् हा ‘तो’ कोन? उद्या ‘तो’ला समन्स कुटं धाडायचा? नाव सांगा, वय सांगा, राहनार कुटला सांगा.”

मागं रांग खोळंबली होती. कुणीतरी ‘बाई, बोला की लवकर’ म्हणालं. शेकडो लोकांना बोलतं करणाऱ्या बाईंची जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली तेव्हा तिच्यावरून पहिलं मिळालेलं नाव निसटलं. “कारभारी,” त्या म्हणाल्या. “राहणार करमाड.” त्या पट्ट्यात दर चार घरांमागं एक कारभारी निघतो, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. पण रांगेत उभ्या माणसाला एवढं कुठलं सुचतं.

“आणि पाशाभाई, प्रतिज्ञापत्र वेगळं करा हं. प्रकरण वेगळं.”

“आप फिकर नक्को करो,” चांदपाशा म्हणाले, आणि मराठवाड्यात हे वाक्य ऐकलं की शहाण्या माणसानं फिकीर सुरू करावी.

झालं असं, की प्रतिज्ञापत्राचा मजकूर निघाला चार ओळींचा, आणि त्याखाली अख्खा स्टँप पेपर मोकळा राहिला. आता स्टँप पेपरवर मोकळी जागा सोडणं म्हणजे चांदपाशांच्या धंद्यात पाप. मोकळ्या जागेत उद्या कुणी घर लिहून घेईल, कुणी शेत लिहून घेईल. लिंबाखाली बसून त्यांनी अशी कितीतरी घरं बुडताना पाहिली होती. म्हणून त्यांनी पदरचा विचार करून वसुधाचं प्रकरण सरळ प्रतिज्ञापत्राच्या खालीच चालू केलं. शिवाय बाईंची भाषा त्यांना जरा पोकळ वाटली, तीही कोर्टात टिकेल अशी घट्ट केली. आणि सहीखालची जागा तरी मोकळी कशी सोडायची, म्हणून साक्षीदारांच्या दोन ओळीही टाकल्या.

बाई कागद घ्यायला गेल्या तेव्हा लिंबाखाली ही गर्दी. प्रेमाची गोष्ट चारचौघांत उघडून वाचायची कशी? त्यांनी मान खाली घालून इथं, इथं आणि इथं सही केली. नोटरी वकिलांनी एका दमात एक भाडेकरार, एक वाटणीपत्र आणि बाईंचं प्रेम या तिन्हींवर गोल शिक्के मारले. साक्षीदार एक तिथलाच नेहमीचा होता. दुसरा हवा म्हणून चांदपाशांनी तारखेला आलेल्या रामकिसनरावांना हाक मारली. “ओ रावसाब, तुमच्याच गल्लीच्या बाई हायत. सही ठोका.”

रामकिसनराव न वाचता सही करत नसत. बांधाच्या दाव्यानं त्यांना एवढी तरी विद्या दिली होती. त्यांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग बाईंकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि सही केली. बाईंना वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. त्यांनी मूळ प्रत पोस्टातून पुण्याला रजिस्टर केली, कार्बन कॉपी पिशवीत टाकली आणि घरी येऊन पडल्या.

संध्याकाळी कडी वाजली. दारात लक्ष्मीबाई, रामकिसनरावांच्या पत्नी, हातात शिऱ्याची वाटी. त्यांच्या मागं पिठाच्या गिरणीवाल्या जाहेदाआपा. त्यांच्या मागं गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या भागूबाई, ज्या स्वतःच्या नातवाच्या लग्नालाही ‘पाय दुखतात’ म्हणून गेल्या नव्हत्या. आणि त्यांच्या मागं आणखी बायका.

“सहज आले, काकू,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “म्हनलं, बऱ्याच दिवसांत येनं नाय.” बरेच दिवस म्हणजे नारायणराव असतानाचं शेवटचं हळदीकुंकू.

बाई गोंधळल्या. कुणी कशाचं नाव घेईना. हवा झाली, पाणी झालं, नळाच्या वेळा झाल्या. शेवटी भागूबाईंना दम निघेना. “जमीन किती हाय?” त्यांनी विचारलं.

“कुणाला?”

“त्यालाच की. बागायत हाय का कोरडवाहू?”

“छत्री पकड्या बोले तो शरीफच हुईंगा,” जाहेदाआपा समजुतीनं म्हणाल्या. “हमारे इनो तो सामने से छत्री लेके जाते, मैं पीछे भिगती.”

छत्री म्हटल्याबरोबर बाईंना पिशवीतला कागद आठवला. “चहा टाकते,” म्हणून त्या आत गेल्या आणि खिडकीशी कार्बन कॉपी उघडली. ‘मी, खाली सही करणार, मनकर्णाबाई भ्र. नारायणराव पठाडे, वय ५८, धंदा पेन्शनर, रा. उस्मानपुरा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, खालील मजकूर सर्वस्वी माझा असून कुठूनही उचललेला नाही. करमाडच्या थांब्यावर एसटी नादुरुस्त झाली असता मी कारभारी, वय अंदाजे ४३, रा. करमाड, यांस प्रथम पाहिले. सदर इसमाने मजवर छत्री धरली व उसाचा रस पाजला. सबब माझ्या काळजात कालवाकालव झाली. हे सर्व मी राजीखुशीने, कोणतीही नशापाणी न करता लिहून देत आहे.’

बाईंनी कागद ओट्यावर ठेवला. त्यांच्या अब्रूवर गोल शिक्का बसला होता आणि खाली दोन साक्षीदार. आत्ताच्या आत्ता बाहेर जायचं आणि सांगून टाकायचं, की बायांनो, ही कादंबरी आहे. त्या तडक बैठकीच्या दाराशी आल्या.

आणि थांबल्या. बैठक भरली होती. कपड्यांच्या घड्या कुणीतरी कॉटवर ठेवल्या होत्या आणि दुसऱ्या खुर्चीवर भागूबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. कुणी कुणाच्या कानाला लागत होतं, कुणी हसत होतं. नारायणराव गेल्याच्या तेराव्यानंतर या खोलीत एवढी माणसं बसली नव्हती, आणि तेव्हा कुणी हसलं नव्हतं. आतल्या लहान पातेल्यात एवढ्यांचा चहा मावणार नव्हता. बाईंनी माळ्यावरून मोठं पातेलं काढलं.

“मंग काय ठरलं, काकू?” लक्ष्मीबाईंनी विचारलं.

“बघू,” बाई म्हणाल्या.

खोटं त्या बोलल्या नाहीत. फक्त खरं सांगायचं राहिलं. पण त्या ‘बघू’वर गल्ली पुढचे कितीतरी दिवस चालली. रोज संध्याकाळी कडी वाजायची. कुणी म्हणे, या वयात सोबत पाहिजेच. कुणी म्हणे, या वयात सोबत म्हणजे रोज दोन भाकरी जास्त. पंधरा वर्षांनी लहान म्हणजे फार होत नाही, असं जाहेदाआपांनी हिशोब करून सांगितलं, कारण माणूस चाळिशीनंतर बाईपेक्षा दुप्पट वेगानं म्हातारा होतो. दूधवाल्यानंही विचारलं, “काकू, अर्धाच का आता एक?” त्या दिवशी बाईंनी एक घेतलं.

अब्रूचा पंचनामा मात्र चालूच होता. नारायणरावांची फॅमिली पेन्शन बाईंना मिळे, आणि ती चालू राहायला ‘पुनर्विवाह केलेला नाही’ असा दाखला दरसाल लागे. त्यावर गल्लीतल्या प्रतिष्ठित गृहस्थाची सही. ते गृहस्थ नेहमी रामकिसनराव.

“काकू, मला पेचात पाडू नका,” ते हात जोडून म्हणाले. “तिकडं छत्रीवर सही केली. इकडं लग्न नाय म्हनून सही करू? एका हातानं दोन उलटे कागद? उद्या माझ्या बांधाच्या दाव्यात समोरचा वकील हेच काढील.” पेन्शनच्या काउंटरवरच्या कारकुनापर्यंतही गोष्ट पोचली होती; त्यानं बिनसहीचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि “करमाडचं काय ते मिटवून या” म्हणाला. बाईंची मान शरमेनं खाली गेली. तरी घरी येताना त्यांनी क्रांती चौकातून चहापत्तीचा मोठा पुडा घेतला. असं दुहेरी चाललं होतं. बाहेर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि संध्याकाळ झाली की कान दाराकडं लागायचे.

आणि एक दिवस कडी वाजली ती भर दुपारी. दारात एक धिप्पाड बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिच्या मागं एक किडमिडीत माणूस, नवी टोपी घातलेला, चेहरा फाशीच्या कैद्याचा.

“मी आशाबाई. करमाडची. आन् ह्यो कारभारी,” तिनं अंगठ्यानं मागं दाखवलं. “वळखा.”

वास लागावा तशी गल्ली गोळा झाली. आशाबाई दुसऱ्या खुर्चीवर बसली. कारभारी उंबऱ्याबाहेरच राहिला.

“कोर्टातनं गावात बातमी आली. ह्यानं तुमाला रस पाजला म्हनं?”

“बाई, देवाशप्पत, म्या कुनालाच रस पाजला नाय,” कारभारी काकुळतीला आला.

“तेच तर म्हनते मी!” आशाबाई कडाडली. “इतकी वर्सं झाली लग्नाला. रसवंती घरासमोर हाय. मला कंदी पाजला नाय! छत्री तर घरात हाय, ती बियान्याच्या पोत्यावर धरतो, माझ्यावर नाय. अन् मोटारीतून आलेल्या बाईला रस? म्या माहेरी चालले. जाता जाता म्हनलं, तुमाला बघून तरी जावं.” एवढं बोलून तिनं पदर डोळ्याला लावला.

सगळी गल्ली बाईंकडं पाहू लागली. बाईंना ठाऊक होतं, आता बोललं की संपलं. उद्या कडी वाजणार नाही. पण उंबऱ्याबाहेरचा तो गरीब माणूस टोपीची घडी करत उभा होता, आणि त्याचा संसार बाईंच्या जिभेवरून निसटलेल्या एका नावानं मोडायला आला होता.

“आशाबाई, रडू नका,” त्या म्हणाल्या. “मी कारभारींना आज पहिल्यांदा पाहते आहे. ती गोष्ट मी बसून लिहिली. कादंबरी आहे ती. सगळं माझ्या डोक्यातलं आहे.”

आशाबाईनं पदर खाली केला.

“म्हंजे रस?”

“डोक्यातला.”

“आन् छत्री धरून सोता उनात उभा ऱ्हातो, त्यो मानूस? त्यो बी नाय?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तसा कुणीच नाही.”

“कुटंच नाय?”

“मला तरी सापडला नाही.”

आशाबाईनं मोठा सुस्कारा टाकला. नवरा निर्दोष सुटल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसेना. लक्ष्मीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. जाहेदाआपा पुटपुटल्या, “मेरे कू लगाच था.” भागूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यांना कुणीतरी कानात सांगितलं. “मंग जमीन बी नाय का?” त्या म्हणाल्या, आणि उठल्या. कारभारी बायकोला घेऊन गेला. कोपऱ्यावर त्यानं तिला रस पाजला असं म्हणतात, पण तिथं रसवंती नाही, म्हणजे तेही गल्लीच्या डोक्यातलं असावं.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ येऊन थडकला. रामकिसनरावांनी मागंच त्याला पुण्याला फोन केला होता. ज्याला दोन दिवाळ्या रजा मिळाली नव्हती त्याला या कामासाठी एका दिवसात मिळाली. दाढी न करताच तो निघाला होता. “आई, लोक काय म्हणतील, याचा तरी विचार करायचास,” त्यानं चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. बाईंनी त्याला बसवलं, सगळं सांगितलं. तो खो खो हसला, मग ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत पोटभर जेवला.

“घाबरवलंस बघ. आता माझी काळजी मिटली,” तो ढेकर देत म्हणाला.

“राहतोस ना चार दिवस?”

“आता कशाला? काही झालंच नाही तर.”

तो दुपारच्या गाडीनं गेला. बाई स्टँडवरून परत आल्या आणि बराच वेळ पायरीवर बसल्या. मुलाची काळजी मिटली होती, गल्लीचा निकाल लागला होता, पेन्शनचा दाखला रामकिसनरावांनी आनंदानं सही करून दिला होता. अब्रू जशी होती तशी परत मिळाली. कुणालाही तिचा काही उपयोग नव्हता, बाईंनासुद्धा. संध्याकाळी त्यांनी सवयीनं मोठं पातेलं काढलं, मग परत माळ्यावर ठेवलं. कपड्यांच्या घड्या खुर्चीवर आल्या. दूध अर्ध्यावर आलं. एवढी गर्दी होऊन गेल्यावरचं एकटेपण आधीच्यापेक्षा वाईट असतं, आणि बाई त्या आठवड्यात दोनदा रडल्या.

पुण्याहूनही उत्तर आलं. ‘आपला जबाब मिळाला. आपल्याविषयी आम्हांस सहानुभूती आहे. तथापि आमची संस्था कौटुंबिक वादांत पडत नाही. कृपया वकिलांचा सल्ला घ्यावा.’ बाईंनी ते वाचलं आणि त्यांना हसू आलं. हसू आलं तर ते सांगायला कुणी नव्हतं. मग त्यांनी पेन उघडलं आणि दुसरं प्रकरण लिहायला घेतलं.

ते पुरं झालं तशी त्या अदालत रोडला गेल्या. चांदपाशांनी कागद डोळ्यांशी धरला.

“बाई, पुन्ना वसुधा?”

“वसुधा खोडा. एका कागदात दोन नावं नकोत,” बाई म्हणाल्या. “माझंच टाका. स्टँप पेपरवर घ्या, आणि मोकळी जागा बिलकुल सोडू नका.”

चांदपाशांनी पहिल्यांदाच कुणाकडं आदरानं पाहिलं. “आन् कारभारी?”

“त्यांना मोकळं करा. ‘सदर इसम’ एवढंच लिहा, राहणार कुठला ते माहीत नाही.”

“समन्स नाय निघनार, सांगून ठेवतो.”

“चालेल.”

“साक्षीला कोन?”

लिंबाच्या पलीकडं रामकिसनराव तारखेची वाट पाहत बसले होते. “त्यांनाच बोलवा,” बाई म्हणाल्या. “आणि सही करायच्या आधी त्यांना सावकाश, सगळं वाचू द्या.”

रामकिसनरावांनी वाचलं. शेवटच्या ओळीला आल्यावर त्यांनी कागद उलटून मागं काही आहे का पाहिलं. मागं काही नव्हतं. “काकू, मला ठावं हाय हे डोक्यातलं हाय,” ते म्हणाले, आणि सही करून विचारलं, “पुढचं कवा लिवनार?”

संध्याकाळी बाईंनी खुर्चीवरच्या घड्या ट्रंकेत ठेवल्या. मोठ्या पातेल्यात पाणी टाकलं आणि दुसऱ्या खुर्चीसमोर बसून राहिल्या. पाणी उकळलं, त्यांनी गॅस बारीक केला. गल्लीत नळ आला, गेला. गिरणी बंद झाली. लोकांना आता सगळं माहीत होतं. नसलेल्या माणसासाठी कोण कशाला उठून येईल, असं त्यांना वाटायला लागलं. त्या गॅस बंद करायला उठल्या.

तेवढ्यात दाराबाहेर बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. कडी वाजली नाही. कुणीतरी नुसतंच उभं होतं. बाईंनी श्वास रोखला. पलीकडचा श्वास त्यांना ऐकू येत होता. बोलायचं तर होतं, पण जीभ रेटत नव्हती.

मनकर्णाबाईंनी दाराला कान लावला आणि एक्स्चेंजातल्या आवाजात, हळूच म्हणाल्या, “बोला, लक्ष्मीबाई. लाइन चालू आहे.”